आज पाळी कुणाची

ऐका. ज्याला भाईर जायचंय त्येनं आत्ताच जाऊन या, मधी उठलेलं मला चालणार न्हाई. आन् त्यो कंदील जरा बारीक करा.

माझा थोरला भाऊ सिदू. तुमच्यातल्या कुणी बघितला नसल. दांडगा गडी व्हता, पर त्या रातीपास्नं त्येच्या उजव्या हाताची बोटं कधी नीट मिटली न्हाईत.

आमच्याकडं हरणी व्हती, खिलारी गाय. आईच्या माहेरास्नं आलेल्या गाईच्या वंशातली शेवटची. तिच्या पोटची कालवड न्हाई. मोटारसायकलवाल्या डॉक्टरानं दोनदा सुई भरली, दोनदा उलटली. म्हंजी गाभ राहिलाच न्हाई, पुन्हा माजावर. हौसावैनी म्हणायची, तिला नुसतं उसाचं वाढं घालताय आन् पेंड समदी त्या जर्सीला, मग राहणार कशी? खरं बोलत व्हती. पर ऐकतंय कोण? आमी दोघं भाऊ, शाणपणाची दोन पोती.

तिसऱ्या बारीला दिवेलागणीला हरणी हंबराया लागली. सांजच्याला माजावर आली तर दिस उगवताना वळूकडं न्यावी, दुपार झाली की गेला माज. वळू व्हता पळसवड्याला, खिंडीपल्याड. गाडीवाटंनं लांबचा फेरा, खिंडीतनं दीड कोस. मी म्हटलं, दादा, खिंडीतनं नगं. त्यो गोठ्यात जाऊन दावं सोडाया लागला. खिंडीत काय हाय, त्ये आमा दोघांस्नी ठावं व्हतं.

त्ये बी सांगतो. आमच्या गावाचा सोताचा वळू व्हता, बिरोबाच्या नावानं सोडल्याला. कपाळावर पांढरा ठिपका. भिवा म्हातारा त्येला सांभाळायचा. वैरणीची घरटी पाळी असायची, रोज एका घरची. एक पेंडी कडबा आन् शेरभर सरकीची पेंड. भिवा सांजच्याला दारात यायचा आन् एवढंच इचारायचा, "आज पाळी कुणाची?"

मग सुया आल्या. त्याच साली पाऊसबी न्हाई. पारावर मीच म्हटलं, आता ह्येला पोसून काय करायचंय? व्हय, मीच. पयली पाळी आमच्या घरानं मोडली, म्हैन्याभरात समद्या गावानं. भिवा वळूला घिऊन खिंडीत गेला, चाऱ्याच्या आशेनं. तिथं दगडाबिगर काय हाय? आधी वळू गेला, मागनं भिवा. आमी जाऊन बघितलंसुदिक न्हाई.

तर सिदू निघाला. अवसंची रात. काखंत कडब्याची पेंडी, फडक्यात पेंड, कमरंला विळा. आन् एक चूक केली. गाय लई ओढत व्हती म्हणून दावं मनगटाला गुंडाळलं. जनावराचं दावं हाताला गुंडाळू नये, बाबांनो. त्ये पळालं की हातबी त्येच्यासंगं जातो.

खिंडीच्या तोंडाला हरणी थांबली. कान टवकारलं. सिदूला भिजवलेल्या पेंडीचा वास आला. तिथं कोण भिजवणार पेंड? मग वळूची डुरकी. पुढनं आली. मग मागनं. मग पार कानापाशी. हरणी जी सुटली! माजावरची गाय ती, तिला कसलं भ्या. सिदू मागं फरपटत. दगडावर आपटला, तोंड फुटलं, पर दावं सुटंना.

वळणावर म्हातारा बसल्याला. तोंड दिसत न्हाई.

"आज पाळी कुणाची?"

सिदूनं गुमान पेंडी टाकली. अंधारात कराकरा कडबा चावल्याचा आवाज. संपला. पुन्हा तेच, आज पाळी कुणाची? पेंड टाकली, फडक्यासकट गेली. घोंगडं टाकलं, त्येबी गेलं. मग पटका. सिदू मला सांगायचा, त्यो चिडला आसता तर बरं वाटलं आसतं. त्यो नुसता इचारत व्हता, दारात यिऊन इचारायचा तसाच.

टाकाया काय उरलं न्हाई, तवा वळू दिसला. नुसत्या बरगड्या, आन् कपाळावर त्यो ठिपका. हरणी त्येला अंग लावून उभी. दावं आवळत चाललं, बोटं काळी पडली. सिदू रडकुंडीला आला.

"भिवाआबा, चुकलं आमचं. गाय तेवढी सोड."

"चुकलं म्हणून त्येचं पोट भरतं व्हय, सिदबा?"

सिदूनं डाव्या हातानं विळा काढला, दावं कापलं आन् पळाला. गाय तिथंच टाकून. वाचला, पर घरी आला त्यो उंबऱ्यावर बसूनच राहिला. वैनीनं इचारलं, हरणी कुठं? त्येनं मनगटावरचं कापल्यालं दावं फुडं केलं.

उन्हं आल्यावर हरणी आपल्या पायानं आली. पोट पाठीला चिकटल्यालं, सा म्हैनं चारा न बघितल्यावानी. एका रातीत!

आन् गाभ राहिला. आता आमी शाणं झालो. पेंड काय, भरडा काय, हिरवा चारा काय, हातानं भरवलं. नऊ म्हैन्यानं खोंड झालं. कपाळावर पांढरा ठिपका. हरणी त्याच वेतात गेली. खोंडाला जर्सीचं दूध पाजलं. प्यायचं, खायचं, गव्हाण चाटून पुसून काढायचं, पर अंगाला काय लागायचं न्हाई. डॉक्टर झाला, देवरुषी झाला. भरल्या गव्हाणीपाशी आमच्या डोळ्यांदेखत वाळत गेलं. वर्सात मेलं. आईच्या गाईचा वंश तिथं बुडाला. लई वाईट वाटतं रं. हातात समदं हाय आन् हातनं काय हुईना.

म्हणून सांगतो, घाई आसू दे, माज जाऊ दे, गाय घिऊन त्या खिंडीनं जाऊ नगा. गाडीवाटंनं जावा.

सिदू दर अवसेला खिंडीच्या तोंडाशी एक पेंडी ठेवून यायचा. त्यो गेल्यापास्नं मी ठेवतो. ती बघा, दाराशी बांधून ठिवलीया, आज अवस हाय. जाईन आता हळूहळू. पर माझं गुडघं ऱ्हायलं न्हाईत, ह्या हिवाळ्याच्या पुढं काय माझ्यानं जमत न्हाई.

तवा मी काय म्हणतो, त्येच्या फुडं पाळी कुणाची?

का रं? आता भाईर कुठं निघाला समदी?