ओटीवरचं ताट

१९८५ साली बेलापूरच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बहिणी बसल्या होत्या. थोरली गिरजाबाई दिवाळे गावची, धाकटी बयाबाई करावे गावात दिलेली. गिरजाबाईचा नवरा आत साखर तपासायला गेला होता.

“ताय, भावजींचा राग कमी झाला का? ताट आपटायचे म्हनं.”

“ते साखरेचं व्हतं, बया. आमी आधी भगताकडं नेलं, कोंबडा दिला. डाक्टर म्हनला, साखर वर-खाली झाली का डोस्कं फिरतं. गोल्या चालू केल्या, भात सोडला. राग गेला.”

“मंग बरंच झालं की.”

“रागासंगं बोलनं पन गेलं. होडी घेऊन खाडीत जाईनात. एक दिस म्हनले, गिरजे, मी नसलो तरी तुमचं चालंल.”

“अगो बाय! मंग?”

“डाक्टरला सांगितलं. तो इचारतो, जेवतात कुनासंगं? आमी चुलीपाशी भात-कालवन खायचो. त्यांना भाताचा मोह नको, म्हनून मीच त्यांचं ताट भायेर ओटीवर द्यायची.”

“तुज्या मनात काय वाईट नव्हतं.”

“नव्हतं. पन ते एकटेच भिंतीकडं बघून जेवायचे. त्या दिसापासून मी सगल्यांनाच नाचनीची भाकरी केली. पोरं कुरकुरली. मी तुज्या भावजींना आत बोलावलं, सगल्यांच्या मधी बसवलं.”

“काय म्हनले?”

“नातीच्या मासलीचे काटे काढीत बसले. मंग आपसूक तिला सांगाया लागले, ही मासली खाडीत कुठं गावते ते.”