नलूमावशीचं शून्य

…आणि वर मलाच विचारतात, ‘जागृती, तुझं काम कागदांचं ना, मग वॉर्डात कशाला लुडबुडतेस?’ अहो, लुडबुडले नसते तर… थांबा, नीट सांगते. चार वर्षं स्कॉटलंडात शिकले. काय शिकले? तर हॉस्पिटलच्या फायलींत लिहिलेल्या प्रत्येक दुखण्याला त्याचा ठरलेला कोड लावायला! माकुणसारचे माझे काका म्हणाले, ‘दुखण्याला नंबर द्यायला विमानानं गेलीस?’ गेलेच! आणि परतही आले, इथं बोईसरच्या हॉस्पिटलात, आपल्या माणसांचं दुखणं कागदावर धड उतरावं म्हणून! आणि पहिल्याच आठवड्यात हातात फाइल कुणाची? नवापूरच्या नलूमावशीची. मासळी विकते, अपेंडिक्सचं ऑपरेशन, चौथा दिवस, दुपारी घरी सोडणार. दर चार तासांनी सिस्टरनं विचारलंय, दहापैकी किती दुखतंय? आकडा? शून्य! काल शून्य, परवा शून्य, आज सकाळी परत शून्य!

आता आमचा नियम असा, की ऑपरेशननंतर दुखणारच, त्या नेहमीच्या दुखण्याला वेगळा कोड नाही. डॉक्टरांनी ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ असं लिहिलं तरच. इथं तर नेहमीचंसुद्धा नाही! पण शेजारच्या रकान्यात बघते तर, ‘जेवण परत. उठून बसण्यास नकार. चालण्यास नकार.’ मला सांगा, शून्य दुखणाऱ्या बाईला उठायला काय झालं?

गेले तरातरा वॉर्डात. सोबत दुखणं दाखवायचा माझा चेहऱ्यांचा तक्ता, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. ‘मावशी, ह्यातला तुमचा चेहरा कुठला?’ तिनं हसऱ्यावर बोट ठेवलं. ‘ह्यो. डॉक्टरासारका दिसतो.’ आकडा? शून्य! आणि कपाळावर घाम!

तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या राहीबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘नले, मासळीची पाटी उचलशील का आत्ता?’

‘पाटी? रिकामी पन नाय उचलनार गो.’

‘मंग शून्य कशाला सांगतीस?’

‘अगो, इतक्या मायेनं शिवलंय त्या डॉक्टर पोरानं. दुकतंय म्हनलं तं त्याच्या कामाला नावं ठेवल्यासारकं नाय? गिऱ्हाईक पापलेट परत घेऊन आलं का कसं वाटतं, मला म्हाईत हाय.’

मी थक्क! म्हणजे ही बाई चार दिवस दातावर दात दाबून पडलीय, का? तर उपकार मानून! तिकडे कुठल्या पुस्तकात होतं हो हे?

धावत सर्जनकडे, ज्ञानेशसरांकडे. ते म्हणाले, ‘अगं, चार्टवर तर शून्य आहे.’ म्हटलं, सर, चला! आले बिचारे. पोटावर हात ठेवला, मावशीच्या डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं, ‘बरं हाय, बरं हाय!’ सर तिथंच स्टूल ओढून बसले. ‘मावशी, मासळी आवडली नाही, आणि गिऱ्हाईक काही न बोलता दुसरीकडे गेलं तर?’

‘त्या मेल्याचा तं लय राग येतो! अरे, सांग ना तोंडानं!’

‘मग?’

मावशीनं एकदम त्यांचा हात घट्ट धरला, ‘इथं रे बाबा… इथं. लय दुकतंय…’

सोनोग्राफी केली, आत पू साठलेला! त्याच दिवशी काढला. घरी गेली असती तर… नको, बोलायलाच नको. सरांनी स्वतः फाइलीत लिहिलं, ‘अपेक्षेपेक्षा जास्त दुखणे.’ ती एक ओळ बघून मी टेबलावर डोकं टेकून रडले हो! राहीबाईंच्या पाया पडले, तर म्हणतात, ‘सरक बाजूला, ओलं हाय.’

पाचव्या दिवशी मावशी व्हरांड्यात चालायला लागली. म्हटलं, चला, आता आकडे खरे येतील! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार्ट हातात आले… अकरा खाटा, अकराही जणींचे दहापैकी दहा! बोटाला टाके पडलेलीचेसुद्धा दहा!

धावले. मावशी उशीला टेकून अख्ख्या वॉर्डाला सांगतेय, ‘दहाच सांगा गो सगल्या. पोर इतकी लांब जाऊन शिकून आली, आपल्यासाटी रडली. शून्य सांगितलं का तिला वाईट वाटतं!’

मी हात जोडले. आता बसलेय एकेकीला ‘पाटी उचलाल का?’ विचारत. आणि चार्टच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली एक जादा कागद टाचलेला, दहापैकी दहा. ती मावशीची सून, हेमाली. डबा द्यायला आली होती.