साहेबांचा दुसरा आवाज

हॅलो? ताई? … अगं, मी आहे, धाकटी! बस कुठंय तुझी?

उतरलात? सगळे प्रवासी? … थांब, थांब. पुलाकडे नको! ताई, ऐक ना माझं!

हो, मेसेज मलाही आलाय. ‘मुख्य मंच पलीकडच्या काठावर हलवला, झुलत्या पुलावरून या.’ तो खोटाय. आम्ही नियंत्रण कक्षातून पाठवलाच नाही. कुणीतरी आमच्या यंत्रणेत घुसलंय.

काय? … वायरलेसवर साहेबांनी स्वतः सांगितलं?

ताई… साहेब माझ्या शेजारी उभे आहेत. तोंड मिटलेलं आहे त्यांचं. आणि समोरच्या वायरलेसवर त्यांचाच आवाज बोलतोय. कुणीतरी हुबेहूब नक्कल केलीय गं.

मी कशावरून मी? … बरोबर आहे. विचार, काहीही विचार… माळ्यावर! लहानपणी मला माळ्यावर कोंडलंस, आणि आईला सांगितलंस मी शाळेत गेलेय. पटलं? … हसू नकोस गं, आता हसू नकोस!

ऐक. पुलाच्या मधल्या फळ्या काढल्यात. डागडुजी चाललीय. फाटकाला कुलूप होतं…

उघडंय? … देवा! … पुढे गेलंय कुणी?

परदेशी जोडपं? आणि तुझ्या बसमधले ते शिट्टी वाजवणारे काका? हाका मार! … ऐकू जात नाही? मागून किती लोक येतायत? … सगळा वाहनतळ लोटलाय?

एक मिनिट. साहेब, हे ‘किरकोळ’ नाही हो! सकाळी दोन मेसेज चुकले, तेव्हा धोक्याची चौथी, सगळ्यात खालची श्रेणी ठीक होती. आता माणसं मरतील. पहिली द्या! … बोभाटा? पर्यटक उठून जातील? जाऊ देत की, जिवंत जातील!

हां ताई, बोल… लोक तुझं ऐकत नाहीत? मेसेज दाखवतायत? साहजिक आहे. आज कोण कुणाचं ऐकणार!

तुझ्या बसमध्ये त्या गाणाऱ्या बाई होत्या ना? महोत्सवाच्या उद्घाटनाच्या? … त्यांना फाटकातच बसव. हो, जमिनीवर! गायला सांग. तंबोरा नसू दे… अगं, हे सगळे त्यांनाच ऐकायला तर आलेत!

… काय म्हणाल्या? … ‘आधी पाणी दे’? दे मग!

आणि तू? … नको ना ताई, तू नको जाऊस पुलावर… बरं. बरं. कठडा धर. फोन ठेवू नकोस.

… ताई?

आलाप ऐकू येतोय… थांबले? खरंच बसले खाली? … काका वळले? जोडपंही? हळू आणा त्यांना…

काय झालं साहेब? … ताई, तो आवाज परत सुरू झाला. ‘प्रवेश बंद होतोय, धावा.’ आता हाच मेसेज सगळ्यांच्या फोनवर सुटेल. मला तो अडवायलाच हवा.

म्हणजे? म्हणजे पहिली श्रेणी, साहेबही आता तयार झालेत. बटण दाबलं की वायरलेस, मेसेज, मैदानावरचा टॉवर, सगळं बंद. तुझा फोनही त्याच टॉवरवर आहे. मग तू मला ऐकू येणार नाहीस.

तू कुठं आहेस आत्ता? … जोडपं पोचलं? तू अजून फळ्यांवर? पुढे काका, मागे तू? … चल ना गं, चल, चल…

बटणाला हात नका लावू, साहेब! मीच दाबणारे. माझी ताई आहे तिथं!

… काका उतरले? आणि तू? … नीट सांग, पाय कुठंय? … मातीवर? दोन्ही? …

मी नाही रडत. तूच रडतेयस.

ताई, दाबते. तिथंच बस, बाईंच्या शेजारी. कुणी काहीही सांगू दे, हलायचं नाही. मी येते, मी आत्ता पळत ये—