हाडाच्या आतली जाळी

दोन हजार आठचा हिवाळा. हाडाच्या आतली बारीक जाळी दाखवणारं नवं सीटी मशीन चंद्रपूरच्या एका दवाखान्यात आलं होतं. बाहेरच्या बाकावर दोघी जावा आपापल्या मनगटाचे फोटो घेऊन माझ्या शेजारी बसल्या होत्या.

“तुह्या हाडाची जाळी कशी दाट हाय, रेवता. माही मात्र जागोजागी फाटली.”

“वय झालं बाई तुमचं.”

“थोडाच तर फरक हाय. एकाच चुलीवरचं खाल्लं, एकाच बांधीत धानाचा रोवणा केला. डॉक्टरीण तुले काय पुसत होती?”

“बाळंतपणात दूध भेटलं का, म्हणे.”

“मलेबी पुसलं. मी म्हटलं, घरी दूध उरतच नाई, सारं डेअरीले जाते, असं सासू म्हणे. तू काय सांगितलं?”

“सोडा ना बाई. बस येऊन जाईल.”

“रेवता.”

“भेटलं म्हटलं. रोज पेलाभर. मोठीले सांगू नको, म्हणे सासू.”

“अन् म्हशीची धार कोण काढे?”

“तुमीच, बाई.”

“आण तो फोटो इकडं. दूध गेलं कुठी, ते पाहू दे मले.”