काचणारा करगोटा

एकतीस साली श्रीवर्धनच्या बंदरावर मी आगबोटीची वाट बघत होतो. सुपारीची पोती उतरवून दोन गडी माझ्या मागे टेकले होते.

“अंबाजी, गालफडं बसली रं तुझी! जेवतोस का न्हाय?”

“दुपारी अर्धी भाकर, रातच्याला निस्ती पेज. पहाटे रेतीतून चालतो, पार टोकापर्यंत.”

“कशापायी?”

“अंगानं जड झालेलो. सुपारी काढाया चढलो की पोफळ वाकायची. तवा अंग उतरवलं. आता परत वाढू द्यायचं न्हाय. रोज कमरेचा करगोटा बघतो. काचला, तर त्या दिवशी झाडावर चढायचं न्हाय, असं ठरलंय.”

“मग?”

“रोज काचतोच हाय. यंदा एकदा पण चढलो न्हाय.”

“हाडं दिसतात तुझी, नि करगोटा काचतो? सोड तो, नि सैल बांध.”

“मी कुठं बांधतो? केसर बांधते. दर सोमवारी सोडते, नि परत बांधते.”

“बायको? कधीपास्नं?”

“तिचा भाऊ पोफळीवरून पडून मेला ना, तवापास्नं.”

आगबोटीचा भोंगा वाजला.

“मग काय रं, सोडू म्हणतोस?”

“नको. बांधते तशी बांधू दे तिला. नि आज घरी गेलास की पोटभर भात खा.”