हत्तींच्या बाजूने

...नाही, मी म्हणतो, खेळायचंच होतं तर पत्ते होते, कॅरम होता, पण आमच्या भावोजींना हवी दोन हजार वर्षांपूर्वीची लढाई, तीही जेवणाच्या टेबलावर, बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक मांडून. तुम्हाला सांगतो, एकीकडे घोडेवाला राजा, दुसरीकडे हत्तीवाला, मध्ये निळ्या प्लॅस्टिकची नदी, प्रत्येक चाल फीत लावून मोजायची, आणि हल्ल्याचा निकाल फाशावर. मी शिंपी माणूस. आठवडाभर लोकांच्या कमरा मोजायच्या आणि रविवारी घोड्याची धाव मोजायची... आणि याला खेळ म्हणतात.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते कायम घोडेवाले. मग हत्ती कुणाचे? ताईचे. तिला काय हौस होती का? मुळीच नाही. "अरे, समोर कुणीतरी बसायला नको का त्यांच्या?" म्हणायची आणि बसायची. पुढेपुढे हत्तींची नखंसुद्धा तिनेच रंगवली, स्वतःच्या नेलपॉलिशने. आणि दर रविवारी हरायची. कारण खऱ्या लढाईत हत्तीवाला हरला होता, आणि भावोजी पडले इतिहासाचे मास्तर, ते कसले हरताहेत.

ताई गेली थंडीत. माणसं आली, बसली, पांगली. मग एक दिवस भावोजींचा फोन. "रविवारी मोकळा आहेस का? हत्तींना कोणी नाही." 

गेलो. बघतो तर टेबलावर लढाई मांडलेलीच, अर्धी झालेली, सैनिकांवर धूळ. म्हटलं, "भावोजी, हे कुणीतरी खेळलंय." तर म्हणाले, "तुझी ताई. चहा टाकायला उठली. म्हणाली, मी येईपर्यंत हात लावायचा नाही." मग आतून कप फुटल्याचा आवाज, मग दवाखाना... त्यांनी हात लावला नव्हता हो. इतके दिवस ओट्याशी उभं राहून जेवत होते, पण टेबलावरचा एक सैनिक हलवला नव्हता.

"बस तिथे," म्हणाले. ताईच्या खुर्चीत. आणि याला खेळ म्हणतात.

मी आपलं पटकन उरकावं म्हणून हत्ती सरळ पुढे दामटले. लगेच, "असं नाही. नीट हर." म्हटलं, "हरायचंच आहे तर नीट काय नि वाकडं काय?" तर म्हणे, "ती लढून हरायची." घेतले मागे. पण ताईने दोन हत्ती पार कोपऱ्यात, नदीच्या वळणावर नेऊन ठेवलेले, जिथे शत्रू नाही, कोणी नाही. हे इथे कशाला, विचारलं. भावोजी तिकडे वाकले. "रोज बघतो," म्हणाले, "तिच्या मनात काय होतं ते कळत नाही. इतकी वर्षं समोर बसली होती."

मला शर्टाची कॉलर कळते. तरी डोकं खाजवलं, त्या दोघांना नदी ओलांडून थेट घोड्यांच्या पाठीमागे घातलं, आणि खोटं नाही सांगत, भावोजींचा चेहरा उजळला. "हेच," म्हणाले, "हेच असणार." घोडे बिथरले, राजा उघडा पडला, मी फासा टाकला... पडला एक. एक पडला की हत्ती पिसाळतो म्हणे, उलटा फिरतो आणि आपल्याच माणसांना तुडवतो. तुडवली. सगळी. आणि याला खेळ म्हणतात!

भावोजींनी फासा उचलून माझ्या हातात दिला. "पुन्हा टाक."

"नियमात बसतं का?"

त्यांनी फासा परत घेतला. "तिने नसता टाकला," म्हणाले. "कटकट केली असती, पण टाकला नसता." आणि घोडे पुढे सरकवले.

जिंकले. इतकं वाईट तोंड करून जिंकलेला राजा मी तरी पाहिला नाही. चष्मा पुसत बसले, मग एकेक सैनिक उचलून धूळ झाडायला लागले. मीही झाडली. टेबल मोकळं झालं, तिथेच बसून दोघं जेवलो. निघताना दारात म्हणाले, "पुढच्या रविवारी पहिल्यापासून मांडू."

तेव्हापासून रविवारी दुकान बंद. गिऱ्हाईक दारावरून परत जातं. बायको दोघांचा डबा भरून देते आणि विचारते, "आज तरी जिंकणार का?"

मी म्हणतो, बाई गं, माझ्याकडे हत्ती आहेत.