मार्गशीर्षातला नाताळ

माझ्या सासूबाई काय चीज होत्या, ते मला त्या नाताळला कळलं. सत्त्याण्णव साल. घर लहान, वर पत्रा तापलेला, म्हणून शेजारच्या शांताआक्कांनी कळंब्याचा त्यांचा मळा दिला होता. मग जेवायला त्यांचं अख्खं घर बोलावलेलं. सासूबाई पहाटेपासून राबत होत्या. भर दुपारी आंब्याखाली त्यांनी मटणाच्या पातेल्याचं झाकण उघडलं आणि आक्कांनी जीभच चावली.

"काकू, सांगायचंच ऱ्हायलं, आज गुरुवार न्हवं का! मार्गशीर्षातला! घरात घट मांडलाय. आमच्यात कुणालाच चालत न्हाय. तुमी जेवा, आमी बसतो की गप्पा मारत."

सासूबाईंनी झाकण परत ठेवलं. उन्हात थोडं लांब जाऊन तीन दगडांची नवी चूल मांडली, हात धुतले आणि मळ्यातलीच रताळी भाजायला घातली.

"आई, नाताळला रताळी?" आमचे हे कुरकुरले.

"पावणं उपाशी बसल्यावर तुझ्या घशाखाली मटण उतरंल व्हय रं?"

मग आम्ही सगळ्यांनीच आक्कांच्या पंगतीला बसून रताळी खाल्ली. मटणाला कुणी हात लावला नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी ते पुन्हा उकळून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला दार वाजलं. बाहेर आक्का, त्यांचे मालक आणि चारही पोरं, प्रत्येकाच्या हातात आपापलं ताट.

"काकू," आक्का गल्लीभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "नाताळ उरलाय न्हवं?"